‘अजून गोळी चालू आहे का?’

आमच्या मोहल्ल्यातला एक मुलगा. वय सत्तावीस, डिलिव्हरीचे काम करतो. आधी कित्येक वर्षे ब्राऊन शुगर पन्नीवर ओढत होता, मग सुईवर आला. दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात राहिला आणि दोन्ही वेळा घरी आल्यावर महिन्याभरात परत तेच. तिसऱ्या वेळी कुणीतरी त्याला सरकारी रुग्णालयात नेले. तिथे जिभेखाली ठेवायची गोळी सुरू झाली आणि तो सलग आठ महिने कामावर गेला. मग लग्नाची बोलणी निघाली. मुलीकडच्यांना कळू नये म्हणून घरच्यांनी गोळी बंद करायला लावली. “आठ महिने झाले, अजून गोळी चालू आहे का? एक नशा सोडून दुसरी धरायची?” असे त्याचे मामू म्हणाले. मामू वाईट माणूस नाहीत. आपल्यापैकी बहुतेकांनी हेच म्हटले असते. दीड महिन्यात मुलाच्या हातात पुन्हा सुई होती. नशीब, जिवंत सापडला.

मामूंचा प्रश्न टाळण्यासारखा नाही, कारण ही गोळी, म्हणजे ब्यूप्रेनॉर्फिन, अफूच्याच कुळातली आहे. मग फरक काय? गर्द मेंदूतल्या ज्या कुलपांत शिरते, त्याच कुलपांत ही गोळीही शिरते. पण ती किल्ली अर्धीच फिरते आणि तिथेच घट्ट बसून राहते. त्यामुळे अंगदुखी, जुलाब, थरथर, झोप उडणे हे सगळे थांबते, तलफ मरते, पण झिंग चढत नाही. डोस वाढवला तरी एका मर्यादेपुढे परिणाम वाढत नाही. वर कुणी गर्द घेतली तर तिला बसायला जागाच उरत नाही. पुष्कळ ठिकाणी या गोळीत नॅलॉक्सोनही घातलेले असते. जिभेखाली ठेवली तर त्याचा काही त्रास नाही. विरघळवून सुईने घ्यायला गेलात तर उलट तडफड होते. दिवसभर पुडीच्या मागे धावणारा माणूस सकाळी एक गोळी घेऊन कामाला जातो, याला नशा म्हणायचे असेल तर शब्दाला अर्थच राहत नाही.

आपल्याला ‘साफ’ माणूस हवा असतो. केंद्रातून तीन महिन्यांनी आला, वजन वाढले, चेहऱ्यावर तेज आले, की आपण मिठाई वाटतो. पण खरा धोका तिथूनच सुरू होतो. तीन महिन्यांत शरीराची सवय मोडलेली असते. तलफ मात्र मेलेली नसते. एके दिवशी तो पूर्वीइतकीच मात्रा घेतो आणि श्वास थांबतो. तुरुंगातून सुटलेल्यांचेही असेच होते. देशोदेशीच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे की औषध चालू असताना अशा रुग्णांच्या मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली येते आणि औषध सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वात घातक असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये मेथाडोन आणि ब्यूप्रेनॉर्फिन ही दोन्ही औषधे अत्यावश्यक यादीत घातली, ती उगाच नाही. औषध किती वर्षे घ्यायचे हे डॉक्टर आणि रुग्णाने ठरवायचे. लग्नाची तारीख पाहून ठरवायचे नाही.

(एक गोष्ट इथेच सांगतो. आपल्याकडे ‘कुत्ता गोली’ म्हणून जी विकली जाते ती वेगळी, झोपेच्या गोळ्यांच्या जातीची. तिच्यावर हा उपचार चालत नाही, आणि दोन्ही एकत्र घेणे जिवावर बेतू शकते. तसेच मित्राची ब्यूप्रेनॉर्फिन उसनी घेऊन बघू नका. अंगात गर्द असताना ती घेतली तर हाल होतात.)

“हे आपल्या दीनमध्ये बसते का?” हा प्रश्न मला दोघातिघांनी विचारला. जिथे हा प्रश्न सर्वात कडकपणे विचारला गेला, ते देश बघा. इराणमध्ये १९७९ च्या क्रांतीनंतर व्यसनी माणूस म्हणजे गुन्हेगार, असेच धोरण होते. तुरुंग भरले, तुरुंगांतून एचआयव्ही पसरला. शेवटी तिथेच मेथाडोनची केंद्रे निघाली, तुरुंगांतही निघाली, आणि २००५ मध्ये न्यायव्यवस्थेचे प्रमुख असलेल्या आयतुल्ला शाहरूदी यांनी परिपत्रक काढून न्यायाधीशांना सांगितले की या कामात आडवे येऊ नका. मलेशियाने २००५ मध्ये मेथाडोन सुरू केले, आणि २०१० पासून क्वालालंपूरच्या अर-रहमान मशिदीत विद्यापीठाच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते दिले जाऊ लागले. मशिदीत! आपल्याकडे जुम्याच्या बयानात नशेवर लानत असते, उपचाराचा पत्ता नसतो.

आपल्या देशातली अडचण वेगळी आहे. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार अफूवर्गीय पदार्थ घेणारे सव्वादोन कोटींच्या आसपास आहेत. पण एड्स नियंत्रण कार्यक्रमातून चालणारी मोफत गोळीची केंद्रे सुईने नशा घेणाऱ्यांसाठी आहेत. म्हणजे आमचा मुलगा पन्नीवर होता तोवर त्या दारातून आत जाऊ शकत नव्हता. सुईवर आला तेव्हा जागा मिळाली. पंजाबने ऑक्टोबर २०१७ पासून बाह्यरुग्ण केंद्रे काढून हे दार सगळ्यांसाठी उघडले. महाराष्ट्रात हीच मागणी का होत नाही? आणि पोलिसांची भीती असेल तर एनडीपीएस कायद्याचे कलम ६४-अ वाचा: स्वतःच्या सेवनासाठी वा अल्प प्रमाणात माल बाळगल्यामुळे पकडलेला व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण आहे.

तो मुलगा आता पुन्हा गोळीवर आहे. गेल्या रमजानमध्ये त्याची वेगळीच पंचाईत झाली. केंद्र सकाळी उघडते, गोळी कर्मचाऱ्यांसमोर घ्यावी लागते आणि त्याचा रोजा. आजाऱ्याला रोजाची सूट आहे हे त्याला माहीत होते. पण घरात सगळे रोजे ठेवत असताना आपण का नाही, याचे उत्तर द्यावे लागले असते, म्हणून चार दिवस तो गेलाच नाही. एका गोळीचा असर साधारण दिवसभर आणि त्याहून जास्त टिकतो. डॉक्टरांनी वेळ बदलून दिली तर ती इफ्तारनंतर घेता येते. कोविडच्या काळात याच केंद्रांनी काही दिवसांच्या गोळ्या घरी दिल्या होत्या, म्हणजे सोय करता येते. पाचव्या दिवशी मी त्याच्याबरोबर गेलो. डॉक्टर म्हणाले, “आजवर कुणी विचारलेच नव्हते.” आता रमजानच्या आधी आम्ही चौघे अर्ज घेऊन जाणार आहोत. मामूही येतो म्हणाले आहेत.