मलेशिया : समुद्र कोणत्या किनाऱ्याचा?

गेल्या महिन्यात शाळेतून घरी आलो, तर शेजारच्या खाला ओसरीवर वाट पाहत बसल्या होत्या. हातात सहलीचे रंगीत पत्रक. मुलाने तीन वर्षे पैसे साठवून दिवाळीच्या सुट्टीत घरच्यांना मलेशियाला न्यायचे ठरवले आहे. खालांचा प्रश्न एकच होता. "मास्टरसाहेब, यात समंदर कुठं आहे?"

त्यांचे सारे आयुष्य भंडाऱ्यात गेले. वैनगंगेचे पूर पाहिले, समुद्र नाही. पत्रकात उंच जोडमनोरे होते, बाजार होते, गेंटिंगचा डोंगर होता. समुद्र खरोखरच नव्हता.

पत्रकाच्या कोऱ्या बाजूला मी नकाशा काढला. मलेशिया देश एक, पण तुकडे दोन. एक थायलंडच्या खाली लोंबणारा द्वीपकल्प, दुसरा बोर्निओ बेटाच्या उत्तर भागातली सारावाक आणि सबा ही राज्ये. मध्ये दक्षिण चीन समुद्र. क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ३० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राहून थोडे जास्त. लोकसंख्या मात्र साडेतीन कोटींच्या आसपास. सबामधले किनाबालू शिखर ४,०९५ मीटर उंच आहे. आपले कळसूबाई १,६४६.

विषुववृत्त जवळ असल्याने तिथे हिवाळा नाही. पण पावसाचे गणित समजून घेतले पाहिजे, कारण पैसे वाया जातात ते इथेच. आपल्याकडे धान कापणीला येते, तेव्हा त्यांच्या पूर्व किनाऱ्यावर मोसमी पाऊस सुरू होतो आणि फेब्रुवारीपर्यंत समुद्र खवळलेला राहतो. पेरहेंतियान, रेदांग या सुंदर बेटांवरची बहुतेक हॉटेले त्या काळात बंद असतात. ती बेटे आपल्या उन्हाळी सुट्टीसाठी. दिवाळीत जाणाऱ्यांनी पश्चिम किनारा धरावा. सुमात्रा बेट आडवे असल्याने तिकडचा समुद्र शांत असतो. दुपारची एखादी सर येते, तेवढी छत्री न्यावी. पिनांग आणि लंकावी याच बाजूला आहेत. लंकावी केदाह राज्यात येते आणि केदाह म्हणजे त्या देशाचे धानाचे कोठार. आपल्या बांध्यांची आठवण होईल.

क्वालालंपूर पाहावेच. नावाचा अर्थ 'गढूळ संगम'. त्या संगमावरच १९०९ ची जामेक मशीद उभी आहे. गेंटिंगला मात्र हवा थंड असली, तरी त्याचे नाव झाले ते जुगारघरामुळे, आणि मुसलमानांना त्या जुगारघरात मनाई आहे. तिथे आख्खा दिवस कशाला? तो मलाक्काला द्यावा, असे माझे मत. ज्या अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतला, त्यानेच १५११ मध्ये मलाक्का जिंकले. तिथे भारतीय मुस्लिम व्यापाऱ्यांनी १७४८ मध्ये बांधलेली कंपुंग क्लिंग मशीद आहे. तिचा मिनार पॅगोड्यासारखा. त्याच गल्लीत गणपतीचे जुने देऊळ आणि जवळच चिनी मंदिर. मुसलमान साठ टक्क्यांहून अधिक असलेला हा देश असा एका गल्लीत दिसतो. हलाल जेवणाची चिंता नाही.

मला मात्र सर्वांत जास्त मजा वाटते ती त्यांच्या भाषेची. भाषेला ते 'बहासा' म्हणतात, शिक्षकाला 'गुरू', नवऱ्याला 'सुआमी'. 'किताब', 'दुनिया', 'वक्तू' हे शब्द उर्दूवाल्याला लगेच कळतात. आणि रोजाला म्हणतात 'पुआसा', जो मूळचा 'उपवास'! वर्गात हे सांगितले, तेव्हा मुले बराच वेळ हसत होती.

खालांच्या मुलाने एजंटला फोन केला. आधी तो म्हणाला, ठरलेला कार्यक्रम बदलत नाही. मग गेंटिंग वगळून लंकावीच्या दोन रात्री जमल्या. माणशी खर्च थोडा वाढला. मलाक्का काही बसले नाही. खालांनी नकाशा नीट घडी करून बटव्यात ठेवला आणि विचारले, "पाणी खरंच इतकं खारं असतं का, की वुजू करताना तोंडाला लागेल?"