मरळीची पिलं आणि आपली गावाकडची मजा

जून संपत आला की माझ्या मोबाईलवर एकाच प्रकारचे व्हिडिओ यायला लागतात. ओढ्याला पहिलं गढूळ पाणी आलेलं असतं. सिमेंटच्या बंधाऱ्याखाली दहा-बारा पोरं उभी असतात, कुणाच्या हातात जाळं, कुणाच्या हातात जुनी मच्छरदाणी. पोट फुगलेला एक मासा कॅमेऱ्यासमोर धरतात आणि खालून नुसता बदामांचा पाऊस. मथळाही ठरलेला : 'चढणीचे मासे, गावाकडची मजा!' व्हिडिओ कोकणातला असो की आमच्या मराठवाड्यातला, मजा तीच.

मला या मजेचा राग येतो. आणि तो यायचा मला हक्क आहे, कारण मीही हेच केलेलं आहे.

माझं गाव बोरी, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी. शहरात हे सांगितलं की लोक हसतात, "परभणीत कुठले आलेत मासे?" जणू मासा ही कोकणची खासगी मालमत्ता आहे! आमच्याकडे करपरा आहे, पूर्णा आहे, पूर्णेवरचं येलदरी धरण आहे. उन्हाळ्याच्या शेवटी डोहातलं पाणी अंघोळीच्या पाण्याइतकं कोमट होतं. अशा पाण्यात प्राणवायू कमी असतो, पण मरळीला तेही चालतं, कारण ती वर येऊन थेट हवा घेऊ शकते. ती वर आली की पाण्यावर एक हलकासा फुगा फुटतो. मी लहानपणी तासन् तास त्या फुग्याची वाट बघत बसायचो.

मामानं मला मरळ धरायची सगळ्यात सोपी युक्ती शिकवली. पावसाळ्यात काठाजवळ पाण्यावर लालसर ठिपक्यांचा एक पुंजका हलताना दिसतो. ती मरळीची पिलं. शेकड्यानं असतात आणि एकत्रच फिरतात. त्यांच्या खाली आई किंवा बाप, कधी दोघंही राखणीला असतात. गळाला छोटी बेडकी लावायची आणि बरोबर त्या लाल पुंजक्यात सोडायची. मरळ धावून येतेच. एकदाही चुकत नाही.

दहा वर्षांचा होतो तेव्हा मी अशीच एक ओढून काढली. हातभर लांब होती. काठावर जाळं सांधत बसलेल्या एका भोई म्हाताऱ्याला मी ती नाचवत दाखवली. त्यांनी वरही पाहिलं नाही. म्हणाले, "लेकरा, ती भुकेपायी न्हाई आली. पिलं राखायला आली व्हती. आता ती पिलं सांजच्यापर्यंत कोन खाईल, बघ."

मी बघायला थांबलो नाही. घरी कालवण झालं, मी दोन वाट्या जास्त खाल्लं. ही माझी मासेमारीची सगळ्यात गोड आठवण, आणि तिची किंमत मला फार उशिरा कळली.

मासे चढतात कशासाठी? आपल्या व्हिडिओसाठी नक्कीच नाही. पहिल्या पुरात ते प्रवाहाच्या उलटे जातात, कारण नव्यानं बुडालेल्या उथळ जागी अंडी घालायची असतात. तिथं पिलांना खाद्य मिळतं, आडोसा मिळतो. वाहत्या पुराची ही ओढ किती खोल असावी? रोहू, कटला यांसारखे मासे तळ्याच्या साचलेल्या पाण्यात आपणहून अंडी घालत नाहीत. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून ती घालायला लावली, तेव्हा कुठं मत्स्यबीज केंद्रांचा मार्ग खुला झाला. १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन त्याचीच आठवण आहे. जो पूर माशाला सुईनं भासवावा लागतो, तो खरा पूर येतो त्याच आठवड्यात आपण त्याच्या दारात जाळं लावून बसतो.

यावर नेहमीची तीन उत्तरं मिळतात.

पहिलं : "नद्या आम्ही नाही मारल्या. धरणं, वाळूउपसा आणि शहरांचं सांडपाणी यांनी मारल्या." शंभर टक्के खरं. पण घराला आग लागलेली असताना आपण उरलेलं धान्य पळवत असू, तर आग दुसऱ्यानं लावली हे सांगून काय उपयोग?

दुसरं : "सरकार बीज सोडतंच की." सोडतं, पण मुख्यतः कटला, रोहू, मृगळ. हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. आपल्या ओढ्यातल्या मरळीची, वांबीची, शिंगट्याची भरपाई त्यातून होत नाही.

तिसरं सगळ्यात चलाख : "गरिबाच्या ताटातला मासा काढताय का?" नाही. मी मासे खातो आणि खाणार. कुणी काय खावं हे सांगणाऱ्यांच्या टोळीत मला बसवू नका. ज्यांचं पोट मासेमारीवर आहे ते भोई बांधव वर्षभर पाण्यावर जगतात. जून-जुलैत गाभोळीसकट मासा उचलणारे हौशे जास्त करून आपण असतो, बाईकवरून आलेले. दिवाळीनंतर त्यांचं जाळं रिकामं निघतं, तेव्हा आपण तिथं नसतो.

समुद्रात यांत्रिकी बोटींना पावसाळ्यात मासेमारी बंद असते, आणि किनाऱ्यावरचे कोळी या दिवसांतच नारळ वाहून दर्याला शांत हो म्हणतात. मग ओढ्याला असा श्वास का नाही? सुरुंग आणि विष वापरून मासे मारण्याला तर १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे, तरी बॅटरीचा करंट सोडणारे मी डोळ्यांनी पाहिलेत. नुसत्या कायद्यानं भागत नाही. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथल्या डोहातले मासे देवीचे, म्हणून कुणी धरत नाही. तिथं पोलीस उभा करावा लागत नाही.

बोरीला देवीची वाट बघायची गरज नाही. ग्रामसभेत एक ठराव पुरे : पहिल्या पुरापासून दोन महिने बंधाऱ्याखाली जाळं नाही, आणि एक डोह बाराही महिने राखीव. पाळायला सोपं, मोडणारा लगेच दिसणारं.

आणि तुम्ही, हे मोबाईलवर वाचणारे? यंदा पाण्यावर लाल पुंजका दिसला तर गळ टाकू नका. व्हिडिओ काढलात तरी जागा सांगू नका. थोडं थांबा, तो फुगा फुटताना बघा. मी दहा वर्षांचा असताना थांबलो नव्हतो.