कारखान्याच्या नावाचा संघ

युरोपातील क्लबांचा बास्केटबॉल चषक १९५८ साली सुरू झाला. माद्रिद, मॉस्कोचे बडे क्लब त्यात गाजले. पण आम्ही आज सांगणार आहोत युगोस्लाव्हियातील स्प्लिट या बंदराच्या शहरातील संघाविषयी. त्याचे नाव युगोप्लास्टिका. हे नाव तेथील प्लास्टिकच्या कारखान्याचे!

१९८९ साली म्युनिकला या पोरांनी तेल अवीवच्या मक्काबी संघाला ७५-६९ असे हरविले. टोनी कुकोच तेव्हा अवघा वीस वर्षांचा, डिनो राजा एकवीसचा. १९९० साली त्यांनी बार्सिलोनाला नमविले. मग राजा इटलीला गेला. प्रशिक्षक माल्कोविच तर बार्सिलोनाचेच प्रशिक्षक झाले. संघाचे नावही बदलले. आता संपले, असे कोणालाही वाटावे. पण एप्रिल १९९१ मध्ये पॅरिसला शिष्यांनी गुरूच्याच संघाला ७०-६५ ने हरविले. सलग तीन चषक! त्यानंतर हे कोणालाच जमलेले नाही.

वाचकहो, या संघात क्रोएट होते, सर्ब होते, माँटेनेग्रोचेही होते. दोनच महिन्यांनी क्रोएशियाने स्वातंत्र्य जाहीर केले आणि युद्ध पेटले. ज्यांची पोरे एका संघात खेळली, त्या समाजांनी एकमेकांवर बंदुका रोखल्या. कुकोचही इटलीला गेला. संघ विखुरला.

आपल्या वस्तीत तरुण मंडळे संघ उभारतात. मुले निवडताना गल्ली, नातेगोते, गट पाहू नका. खेळ पाहा. जमलेला संघ मोडायला वेळ लागत नाही.