आकाशातला नियम गटारापर्यंत कधी?

तात्यापारा ते शारदा चौक या रस्त्याचं रुंदीकरण वर्षानुवर्षं रखडलं, आणि चर्चा हवाई टॅक्सीची चालू आहे. टॅक्सीला माझा विरोध नाही. ती उडण्याआधीच, २०२४ मध्ये, डीजीसीएने तिच्या तळांसाठी सूचना काढल्या. मला हेवा वाटतो तो या तत्परतेचा.

१२ मे २०२२ रोजी रायपूर विमानतळावर राज्य सरकारचं हेलिकॉप्टर कोसळून दोन वैमानिक गेले. अशा अपघाताचा तांत्रिक तपास होतो. २०१७ चे नियम सांगतात, हेतू एकच : अपघात पुन्हा घडू नये, दोष कोणाचा, हे ठरवणं नव्हे.

गटारात गुदमरून माणूस मेला तर? २०१३ चा कायदा आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई तीस लाख केली. पण प्रत्येक मृत्यूचं कारण शोधणारं तसं स्वतंत्र मंडळ नाही. मरणारे बहुतेक दलित. ‘तो स्वतःच उतरला’ म्हटलं की विषय संपतो.

समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला हा तांत्रिक फरक वाटत नाही, ही जात आहे. आपल्या घरातले पहिले इंजिनिअर, पहिले वकील तुम्हीच आहात. हवाई टॅक्सीचे नियम जरूर लिहा. मात्र तसंच तपास मंडळ गटारासाठीही मागा.