टिकाऊ पर्यटन, पण टिकायचं कुणी?

‘शाश्वत पर्यटन’ हा शब्द आता मुंबई-पुण्याच्या परिसंवादांतून आपल्या तालुक्यांपर्यंत येऊन पोचला आहे. लॉजमालक, खानावळवाले, गाडीवाले यांना एकत्र बोलवायचं, पाणी वाचवा, प्लास्टिक टाळा, कचरा वेगळा करा असं सांगायचं आणि शेवटी प्रमाणपत्र द्यायचं, असं या कामाचं साधारण स्वरूप असतं. काम चांगलंच आहे. पण प्रशिक्षणाच्या खुर्च्यांवर मालक बसतात आणि सांगितलेलं प्रत्यक्षात करायचं असतं ते मागच्या अंगणात भांडी घासणाऱ्या बाईला. तिला कुणी बोलावलेलंच नसतं. स्त्री संघटनांनी या विषयात लक्ष घालायला हवं, ते यासाठी.

परळी वैजनाथचंच उदाहरण घेऊ. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून इथं देशभरातून भाविक येतात. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी या देवळाचा जीर्णोद्धार केला, हे आपण अभिमानानं सांगतो. श्रावणातले सोमवार आणि महाशिवरात्र यांवर गावातल्या कितीतरी घरांची वर्षाची गणितं बसलेली असतात. आणि ही यात्रा चालते कुणाच्या हातांवर? बेल-फुलं विकणाऱ्या, खानावळीत भाकरी थापणाऱ्या, लॉजच्या चादरी धुणाऱ्या, यात्रेनंतर रस्ते झाडणाऱ्या बायांच्या. यातल्या कितीतरी जणी परित्यक्ता आहेत, विधवा आहेत. त्यांची नोंद ना हजेरीपटावर, ना विकास आराखड्यात.

आता पर्यावरणाच्या एकेका उपायाकडे त्यांच्या बाजूनं पाहू या. थर्माकोलच्या ताटल्या बंद करून स्टीलची ताटं आणायची. ठीक. पण गर्दीच्या दिवशी शेकडो ताटं घासणार कोण? ताटं वाढली म्हणून बाई वाढवली जात नाही, त्याच बाईचे तास वाढतात. मालकाला ‘हरित’ म्हणून शाबासकी मिळते आणि तिच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. याचा अर्थ थर्माकोल चालू द्यावा असा नाही. पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावणं हे आपल्याकडच्या बायांचं जुनं कसब आहे. खानावळींनी बचत गटांकडून ठरल्या भावानं, हंगामाआधी काही रक्कम देऊन पत्रावळी घेतल्या तर कचराही कुजतो आणि बाईच्या हातात पैसाही येतो. उपाय दोन्ही ‘हरित’च, पण एकात बाईचं ओझं वाढतं, दुसऱ्यात तिची मिळकत.

पाण्याचंही तसंच. परळीला दुष्काळ शिकवायला नको. पाण्याअभावी इथलं औष्णिक वीज केंद्र २०१३ आणि २०१५ साली बंद ठेवावं लागलं. शेजारच्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा मुलखात लॉजवर रोज चादर बदलणं आणि टँकर मागवून टाक्या भरणं ही चैन आहे. लॉजची टाकी भरते तेव्हा वस्तीतल्या बायांच्या घागरींची रांग लांबते, हे नातं प्रशिक्षणात सांगितलं पाहिजे. पाणी वाचवायचं ते बिल कमी यावं म्हणून नव्हे, तर ते दुसऱ्या कुणाच्या वाट्याचं आहे म्हणून.

कचऱ्याचा प्रश्न तर जातीचाही आहे. पंढरपुरात वारीनंतर माणसांची विष्ठा माणसांनाच उचलावी लागते, याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागावी लागली. भक्ती आपली आणि घाण मात्र ठरावीक जातीच्या बायांनी उचलायची, ही रीत कोणत्याही तीर्थक्षेत्राला शोभणारी नाही. पुण्यात १९९३ साली कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांची कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि पुढं त्याच बायांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेनं महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करायचं काम घेतलं. देवळातल्या निर्माल्यापासून उदबत्त्या करण्याचं काम कानपुरात उभं राहिलं, तिथं बायांना रोजगार मिळाला. परळीच्या बेल-फुलांचं खत किंवा उदबत्ती का होऊ नये? मात्र ते काम ठेकेदाराकडे न जाता बायांच्या गटाकडे गेलं पाहिजे.

इथं बीड जिल्ह्याची आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. दसरा-दिवाळीच्या सुमाराला आपल्या हजारो बाया ‘कोयता’ होऊन उसाच्या फडावर जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल नवऱ्याच्या हातात. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड कामगार बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. ज्या बाईला गावातच वर्षभराचं, हक्काच्या मजुरीचं काम मिळेल, तिला फडावर जायला नकार देता येईल. देवस्थानाच्या गावातला पर्यटन व्यवसाय असं काम देऊ शकतो. माझ्या लेखी ‘शाश्वत’ या शब्दाची खरी कसोटी हीच आहे.

मालक म्हणतात, आमचा धंदा चार महिन्यांचा, एवढं सगळं परवडणार कसं? हा आक्षेप सरसकट खोटा नाही. छोट्या खानावळवाल्याची, विशेषतः खानावळवालीची, ओढाताण आपण रोज पाहतो. प्लास्टिकबंदी २०१८ साली आली तेव्हाही दंडाची धास्ती पिशवी बनवणाऱ्या कारखान्यापेक्षा टोपलीवालीलाच जास्त होती. म्हणून नियमाआधी पर्याय दिला पाहिजे. कापडी पिशव्या बचत गटांनी शिवाव्यात, नगरपरिषदेनं आणि देवस्थानानं पहिली खरेदी करावी. पण बाईची मजुरी कापून होणारी बचत ही बचत नव्हे, हेही मालकांना ठणकावून सांगायला हवं.

शासनानं २०२३ साली पर्यटनातल्या महिला उद्योजकांसाठी ‘आई’ धोरण आणलं. पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजाचा परतावा आणि हॉटेलात निम्मे कर्मचारी महिला असण्याची अट त्यात घातली गेली. धोरण चांगलं, पण सरपंचपतींचा अनुभव आपल्या गाठीशी आहे. कागदावर बाईचं नाव आणि गल्ल्यावर नवरा, असं इथं होऊ द्यायचं नसेल तर गटांनी लक्ष ठेवावं लागेल.

तेव्हा मैत्रिणींनो, आपापल्या तीर्थगावात, मग ते परळी असो, अंबाजोगाई असो की तुळजापूर, या मागण्या घेऊन आपण उभ्या राहू या:

• पर्यटन व्यवसायांच्या प्रत्येक प्रशिक्षणात तिथं काम करणाऱ्या बायांनाही बोलवावं आणि त्या दिवसाची मजुरी द्यावी.

• ‘हरित’ प्रमाणपत्र देताना किमान वेतन, कामाचे तास आणि बायांसाठी स्वच्छतागृह हेही तपासावं.

• २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समिती नेमावी. तिच्यातल्या विक्रेता सदस्यांत एक तृतीयांश महिला हव्यात, हे कायद्यातच आहे. बेल-फुलं विकणारीला तिथं खुर्ची मिळावी.

• २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या लॉज-हॉटेलात अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान ठिकाणच्या बायांना जिल्ह्याच्या स्थानिक समितीचा पत्ता भिंतीवर लिहिलेला दिसावा.

• निर्माल्य, पत्रावळी आणि पिशव्यांची कामं बायांच्या गटांना द्यावीत.

डोंगर, पाणी, झाडं टिकली पाहिजेत याबद्दल वाद नाही. पण ज्या हातांवर सगळी यात्रा उभी आहे ते हात झिजवून टिकवलेलं पर्यटन फार दिवस टिकणार नाही. पुढच्या श्रावणाची तयारी सुरू होण्याआधी आपापल्या नगरपरिषदेत पथविक्रेता समितीची चौकशी करा. नसेल तर अर्ज द्या, त्याची पोच घ्या आणि अर्जावर पहिली सही किंवा अंगठा टोपलीवालीचा असू द्या.