आंबटाची आवड आणि दातांचं कवच



आज आधी माझी एक चूक कबूल करते, मग पुढचं बोलू या. मागे एकदा याच पानावर मी लिहिलं होतं, की सकाळी उठल्याउठल्या कोमट पाण्यात लिंबू पिळून, चमचाभर मध घालून घ्यावं आणि लगेच दात घासावेत, म्हणजे तोंड स्वच्छ राहतं. तेवढ्यावर न थांबता, पिळलेल्या लिंबाची साल मिठात बुडवून दातांवर चोळा, असंही सुचवलं होतं. काटकसरही झाली आणि दातही मोत्यासारखे झाले, अशी माझी समजूत!

गेल्या महिन्यात सांगलीच्या एका वाचक-भगिनीचं पत्र आलं. तिनं लिहिलं होतं, ‘ताई, तुम्ही सांगितलंत तसं आठ महिने नेमानं केलं. सुरुवातीला दात चकचकीत दिसले. आता थंड पाण्याचा घोट घेतला की कळ थेट मस्तकात जाते, आणि दात पूर्वीपेक्षा पिवळे दिसतात. माझं काय चुकलं?’

तिचं काहीच चुकलं नव्हतं. पत्र वाचून मलाच अपराध्यासारखं झालं. खरं सांगायचं तर गेले काही महिने मीसुद्धा थंड पाणी एकाच बाजूनं पीत होते आणि ‘वय झालं’ म्हणून सोडून देत होते. पस्तिशीत कसलं आलंय वय! दुसऱ्याच दिवशी ते पत्र पर्समध्ये घालून मी आमच्या दंतवैद्यबाईंकडे गेले. त्यांनी माझ्या हातात आरसा दिला. माझ्या वरच्या पुढच्या दातांच्या कडा काचेसारख्या आरपार दिसत होत्या. ‘कीड एकही नाही,’ बाई म्हणाल्या, ‘पण तुमचं इनॅमल झिजलंय. आंबट काय काय खाता-पिता, ते सांगा.’

त्या दिवशी कळलं ते आज तुम्हाला सांगते.

इनॅमल म्हणजे दातावरचं बाहेरचं पांढरं कवच. आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ तो हाच, हाडांपेक्षाही कठीण. वजनानं त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचा असतो. पण त्यात जिवंत पेशी नसतात. बोट कापलं तर भरून येतं, हाड मोडलं तर सांधतं; झिजून गेलेलं इनॅमल मात्र पुन्हा उगवत नाही. त्याच्या खाली पिवळसर रंगाचा थर असतो. वरचं कवच पातळ झालं की तो डोकावू लागतो, म्हणून दात पिवळे दिसतात. आणि त्यातून थंड-गरम आतल्या नसेपर्यंत पोचतं, म्हणून कळ येते.

आता इतकी कठीण वस्तू लिंबानं कशी झिजते? ज्यांच्या घरी कडप्प्याचा ओटा आहे त्यांना हे चटकन कळेल. ओट्यावर लिंबाचा रस सांडून तसाच राहिला, की तिथं पांढरट खूण उठते. कितीही घासा, ती जात नाही. कारण तो डाग नसतोच. तिथला दगडच आम्लानं खाल्लेला असतो. दाताचं खनिज वेगळ्या प्रकारचं आहे, पण आम्लापुढे त्याचीही गत तीच.

आम्लता मोजायचं एक माप आहे, त्याला पीएच म्हणतात. ७ म्हणजे ना आम्ल ना अल्कली. आकडा जितका खाली, तितकं आम्ल तीव्र. आणि एक आकडा खाली म्हणजे दहापट तीव्र. साधारण ५.५ च्या खाली गेलं की इनॅमल विरघळू लागतं. लिंबाच्या रसाचा पीएच २ ते २.५, आणि बाटलीतल्या काळ्या कोलाचाही २.५ च्या आसपास. पेलाभर पाण्यात अर्धं लिंबू पिळलं, तरी तो ३ च्या जवळपासच राहतो. त्यात साखर किंवा मध घातला की आंबटपणा जिभेला कळत नाही, पण आम्ल होतं तेवढंच असतं. उलट साखरेमुळे तोंडातल्या जंतूंचं फावतं. ते साखर खाऊन आणखी आम्ल तयार करतात आणि त्यातून कीड लागते. म्हणजे झीज आणि कीड ही दोन वेगळी दुखणी आहेत. कीड न लागताही दात झिजू शकतात, तसे माझे झिजले.

आपल्या तोंडात यावर एक उपाय देवानंच करून ठेवलाय, तो म्हणजे लाळ. लाळ आम्ल धुऊन टाकते, त्याचा जोर मारते आणि तिच्यात विरघळलेलं कॅल्शियम व फॉस्फेट मऊ पडलेल्या इनॅमलला परत मिळतं. म्हणजे इनॅमल नुसतं मऊ पडलं असेल तर ते पुन्हा घट्ट होऊ शकतं. पण त्याला थोडा वेळ लागतो, आणि नेमकं तिथंच माझं चुकलं होतं. आंबट पिऊन कवच मऊ झालेलं असताना मी त्यावर लगेच ब्रश फिरवायला सांगितलं. वर साल आणि मिठानं घासायलाही सांगितलं! पहिल्या दिवसांत दिसलेली चकाकी म्हणजे वरचा थर खरवडला जात होता.

मग आता आंबट सोडायचं का? छे! कोकमाशिवाय आणि चिंचेशिवाय आमटी करायला मी तरी सांगणार नाही. जेवणात भाताबरोबर पोटात जाणाऱ्या आंबटाची फारशी काळजी नको. चावताना लाळ भरपूर सुटते आणि ते आंबट दातांवर रेंगाळत नाही. ताक-दह्याचीही भीती नको. ती चवीला आंबट खरी, पण त्यांच्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट भरपूर असतं, म्हणून त्यांनी इनॅमल झिजत नाही. घात होतो तो घोट घोट करत तासभर सरबत पिण्यानं, गालात चिंचेचा गोळा किंवा आवळा धरून चोखत बसण्यानं, आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्या चघळण्यानं. किती आंबट खाल्लं यापेक्षा ते दातांना किती वेळा आणि किती वेळ लागलं, हे महत्त्वाचं.

तेव्हा माझा जुना सल्ला पुसून टाका आणि हा नवा लिहून घ्या:

१. लिंबूपाणी घ्यायचंच असेल तर दात आधी घासा, मग ते प्या. एका बैठकीत संपवा. तोंडात खुळखुळवू नका.

२. आंबट खाल्ल्या-प्यायल्यावर साध्या पाण्यानं चूळ भरा. ब्रश करायचा असेल तर निदान अर्धा तास, जमलं तर तासभर थांबा.

३. सरबत, कोला मुलांना द्यायचंच तर जेवणाबरोबर द्या, मधल्या वेळी नको. दुधाच्या दातांवरचं इनॅमल पक्क्या दातांपेक्षा पातळ असतं, हे विसरू नका.

४. रात्री दात घासल्यावर पाण्याशिवाय काही नको. झोपेत लाळ फार कमी सुटते, त्यामुळे दातांना राखणदार नसतो.

५. ब्रश मऊ केसांचा घ्या आणि हलक्या हातानं फिरवा. कोळसा, राख, मीठ, विटेची पूड यांनी दात घासू नका. आणि मिश्री? ती तर भाजलेली तंबाखूच. दात खरवडतात ते वेगळंच, तोंडाच्या कॅन्सरचा धोकाही असतो. घरातल्या मोठ्या बायकांना हे गोडीत सांगा, पण सांगाच.

६. पेस्टच्या वेष्टनावर फ्लोराइड लिहिलेलं पाहा. फ्लोराइडमुळे इनॅमल आम्लापुढे जास्त टिकाव धरतं. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरे, त्यावरच्या मुलांना वाटाण्याएवढी. आणि ती गिळू देऊ नका. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडच्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं. तिथल्या मैत्रिणींनी मुलांच्या पेस्टबद्दल दंतवैद्यांना विचारून घ्यावं.

एक गोष्ट मुद्दाम वेगळी सांगते, कारण ती आपण बायका कुणाला सांगत नाही. दिवस गेल्यावर उलट्या होतात, तेव्हा पोटातलं आम्ल तोंडात येतं. ते लिंबापेक्षाही जहाल असतं. माझी जाऊ त्या दिवसांत प्रत्येक उलटीनंतर तोंडाची चव घालवायला लगेच ब्रश करायची. दिवसातून चारदा-पाचदा! स्वच्छतेच्या नादात तिच्या पुढच्या दातांची मागची बाजू झिजून गेली. अशा वेळी पेलाभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा विरघळवून त्यानं चूळ भरावी आणि थुंकून टाकावी, ब्रश तासाभरानं. ज्यांना छातीत जळजळ होऊन आंबट पाणी वर येतं त्यांनीही हेच करावं, आणि वारंवार होत असेल तर डॉक्टरांना दाखवावं. तिथं दातांच्या आधी पोटाचं औषध हवं.

थंड-गरमाची कळ, आरपार दिसणाऱ्या कडा, दाढांवर पडलेले वाटीसारखे खळगे, आजूबाजूचा दात झिजून वर उठून दिसणारी जुनी चांदी, यांपैकी काही दिसलं तर दुखण्याची वाट पाहू नका. झीज लवकर लक्षात आली तर फ्लोराइडचा लेप देऊन किंवा दाताच्या रंगाचं भरण करून ती थोपवता येते. माझ्या कडांना बाईंनी लेप दिलाय आणि दर सहा महिन्यांनी यायला सांगितलंय. गेलेलं परत येणार नाही, पण आहे ते टिकेल.

सांगलीच्या भगिनीला मी वेगळं पत्र पाठवून क्षमा मागितली आहे. तिनं दंतवैद्यांना दाखवलं असून कळ बरीच कमी आहे, असं तिचं उत्तर आलं, तेव्हा कुठं मला बरं वाटलं. माझा जुना सल्ला कात्रण काढून कुणी डब्यात ठेवला असेल, तर तो आजच फाडून टाका. आणि शेजारणीला दिला असेल, तर तिलाही आज संध्याकाळीच सांगून या.