बुरशीरोगांवरील लस : आरंभ वासरांपासून व्हावा

तांबेरा, भुरी, करपा, केवडा ही नावे शेतकरी बंधूंस नवी नाहीत. पिकावर बुरशी दिसताच शेतकरी जागा होतो, प्रतिकारक वाणाची चौकशी करतो व फवारणीच्या तयारीस लागतो. परंतु त्याच्याच गोठ्यातील वासराच्या डोळ्यांभोवती व मानेवर राखी रंगाचे, खपलीदार, केस गळालेले गोल चट्टे उठले, तर 'गजकर्ण आहे, आपोआप जाईल' असे म्हणून तो स्वस्थ बसतो. गजकर्ण हा रोगही बुरशीचाच होय. जनावरांत तो बहुधा ट्रायकोफायटॉन व्हेरुकोसम या बुरशीमुळे होतो. त्याने जनावर सहसा दगावत नाही; पण वासराची वाढ मंदावते, कातड्याची प्रत घसरते आणि धार काढणाऱ्या हातांवर व वासराशी खेळणाऱ्या मुलांच्या अंगावर तोच रोग उमटतो. म्हणून या रोगाकडे अधिक गंभीरपणे पाहिले पाहिजे, असे माझे मत आहे.

'आपोआप जाईल' हे शेतकऱ्याचे म्हणणे खोटे नाही. बहुतेक वासरे काही महिन्यांत बरी होतात आणि एकदा बरे झालेल्या जनावरास हा रोग सहसा पुन्हा होत नाही. म्हणजे शरीर या बुरशीशी लढावयास शिकते व ती शिकवण लक्षात ठेवते. लसीचे सारे शास्त्र याच स्मरणशक्तीवर उभे आहे.

ही लढाई कशी चालते हे समजून घेणे उपयुक्त ठरेल. अखंड त्वचा हा पहिला तट. तो भेदून बुरशी आत आली की रक्तातील पांढऱ्या पेशी तिच्या कवचातील विशिष्ट द्रव्यांवरून तिला ओळखतात व तिच्यावर तुटून पडतात. पांढऱ्या पेशींपैकीच लसिकापेशी या साऱ्या फौजेस हुकूम देतात व शत्रूची ओळख जपून ठेवतात. हा तट ढासळला म्हणजे काय होते, हे महाराष्ट्राने २०२१ साली पाहिले. करोनाच्या साथीत म्युकरमायकोसिसने अनेकांचे डोळे व जबडे गेले, कित्येकांचे प्राणही गेले. ती बुरशी काही नव्याने आली नव्हती; माती, शेणखत व कुजका पालापाचोळा यांत ती नेहमीच असते. परंतु अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइड औषधांचा अतिरेक यांमुळे शरीराची फौज निःशस्त्र झाली होती.

मग बुरशीरोगावर माणसांसाठी लस का नाही, असा प्रश्न सहज उद्भवतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली १९ घातक बुरशींची यादी प्रसिद्ध केली. त्यांपैकी एकीवरही माणसासाठी मान्यताप्राप्त लस आजमितीस उपलब्ध नाही. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया व ॲरिझोना भागांत मातीतील एका बुरशीमुळे 'व्हॅली फीव्हर' हा फुप्फुसांचा रोग होतो. मारलेल्या बुरशीपासून केलेल्या लसीची तेथे १९८० ते १९८५ या काळात २,८६७ लोकांवर चाचणी झाली; परंतु तिच्यापासून म्हणण्यासारखे संरक्षण मिळाले नाही. जिवंत पण दुबळी केलेली बुरशी शरीरास अधिक चांगले शिकविते, असे दिसते. तथापि ज्याची प्रतिकारशक्ती खचली आहे, त्यास जिवंत लस देणे धोक्याचे. ज्यांस लसीची सर्वांत अधिक गरज, त्यांनाच ती देणे कठीण, असा हा पेच आहे. त्यातून वाट काढण्याचे प्रयत्न चालू आहेत. जॉर्जिया विद्यापीठातील संशोधकांनी अनेक बुरशींवर चालू शकेल अशी, जिवंत बुरशी न वापरणारी एक लस बनविली असून उंदीर व माकडे यांच्यावरील तिचे आशादायक निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले.

निरोगी वासराच्या बाबतीत मात्र हा पेच फारसा आड येत नाही. सोव्हिएत संघात सार्किसोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी गजकर्णाच्या बुरशीची दुबळी केलेली जिवंत लस तयार केली. नॉर्वेत १९७९ पासून ती वापरात आली. तेथील गाउस्दाल या भागात पद्धतशीर लसीकरणानंतर रोगग्रस्त कळपांचे प्रमाण आठ वर्षांत ७० टक्क्यांवरून शून्यावर आले. पुढे २००९ साली त्या देशाने या रोगाच्या समूळ उच्चाटनाची मोहीमच हाती घेतली.

आपल्याकडे घटसर्प, फऱ्या व लाळ्या-खुरकूत यांच्या लसी गावोगाव पोचल्या. गजकर्णाच्या लसीला मात्र नित्याच्या लसीकरणात स्थान नाही. प्राणघातक रोगांना अग्रक्रम हवा, हा आक्षेप रास्त आहे. मीही गजकर्णास त्यांच्या पुढे बसवा असे म्हणत नाही. परंतु जेथे कालवडी दाटीने वाढविल्या जातात, अशा मोठ्या गोठ्यांत व दूध संघांच्या क्षेत्रांत या लसीची चाचणी घेण्यास काय हरकत आहे? पुण्याची पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्था आणि नागपूरचे पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ यांनी आपल्या हवामानात व आपल्या जनावरांवर ती पारखून पाहावी. वासरू सुरक्षित झाले की त्याच्या अंगाखांद्याशी असणारे मूलही बऱ्याच अंशी सुरक्षित होते.

लस येईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी घरोघर सांगाव्यात. चट्टे असलेले वासरू वेगळे बांधावे. त्याचा खरारा व दावे दुसऱ्यास वापरू नये. या बुरशीचे बीजाणू लाकडी गव्हाणीत व खुंट्यांवर वर्षानुवर्षे जिवंत राहतात, म्हणून त्या घासून धुवाव्यात व पशुवैद्यांच्या सल्ल्याने जंतुनाशक लावावे. गोठ्यात ऊन व वारा खेळू द्यावा आणि वासरास पुरेसा हिरवा चारा घालावा. आजारी वासरास हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.

माणसाच्या गजकर्णास दुकानातून मागून आणलेले स्टेरॉइडमिश्रित मलम लावू नये, हे तर आवर्जून सांगावे. त्याने खाज लगेच थांबते, पण ती थांबते शरीराची फौज झोपी गेल्यामुळे. बुरशी आत पसरतच राहते. टर्बिनाफिनसारख्या नेहमीच्या औषधास दाद न देणारी गजकर्णाची बुरशी आज आपल्या देशात फैलावली आहे. ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे तिचे नामकरण २०२० साली झाले. म्हणून औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व पूर्ण मुदतीपर्यंत घ्यावे. मधुमेह असणाऱ्यांनी साखर ताब्यात ठेवावी.

तांबेऱ्यास तोंड देण्यासाठी आपण प्रतिकारक वाण मागितले, संशोधन केंद्रांनी ते दिले आणि शेतकऱ्यांनी ते पेरले. गोठ्यातील बुरशीसाठीही तशीच मागणी शेतकऱ्यांकडून व्हावयास हवी. कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील गजकर्णाच्या वासरांची नोंद करून ती जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावी. रोग किती आहे हे कागदावर आल्याखेरीज त्याच्या लसीचा विचार कोणी करणार नाही.